रंजक घडविणाऱ्या विकरांचा वंशवृक्ष

१९५१ सालच्या मे महिन्यात, त्या वेळच्या विंध्य प्रदेशातील रेवाच्या जंगलात, महाराजा मार्तंडसिंह यांनी वाघाचा एक पांढरा बछडा जिवंत पकडला. त्याचे नाव मोहन ठेवण्यात आले. गोविंदगढच्या जुन्या महालात तो वाढला. वयात आल्यावर बेगम नावाच्या नेहमीच्या रंगाच्या वाघिणीशी त्याची जोडी जमविण्यात आली. तिला अनेक पिल्ले झाली, परंतु त्यांत एकही पांढरे नव्हते. पुढे याच पिल्लांपैकी राधा नावाच्या मादीपासून मोहनला १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये चार पिल्ले झाली, आणि ती चारही पांढरी निघाली. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत गर्दी खेचणाऱ्या पांढऱ्या वाघांपैकी बहुतेकांचा वंश या मोहनपर्यंत जाऊन पोहोचतो.

मेंडेलचे नियम ज्याने वाचले आहेत त्याला या हकीकतीत नवल वाटणार नाही. पांढरेपणाचे जनुक अप्रभावी असते. ते आई आणि बाप या दोघांकडूनही आले तरच पिल्लू पांढरे होते. बेगमच्या पिल्लांना ते एकट्या मोहनकडून मिळाले, म्हणून ती पिवळीच राहिली. राधेच्या ठिकाणी ते लपून होते. (चारही पिल्ले पांढरी निघावीत हा मात्र योगायोग. अशा जोडीची निम्मी पिल्ले पांढरी होणे अपेक्षित असते, आणि ओळीने चार पांढरी होण्याचा संभव सोळांत एक एवढाच.) खरे कोडे निराळेच होते. मोहनच्या अंगावरचे पट्टे शाबूत होते. पिवळा रंग नाहीसा झाला आणि गडद रंग राहिला, हे कसे घडले? रंग तयार करणारी यंत्रणाच बिघडली असती, तर दोन्ही रंग जावयास हवे होते. या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास बासष्ट वर्षे लागली. ते समजून घ्यावयाचे तर प्राण्यांच्या शरीरात रंजकद्रव्य घडते कसे, आणि ते घडविणारी साधने आली कोठून, हे आधी पाहिले पाहिजे.

आपल्या स्वयंपाकघरातूनच सुरुवात करू. चिरलेल्या वांग्याची फोड उघडी राहिली की थोड्याच वेळात काळी पडते, आणि म्हणूनच ती पाण्यात टाकून ठेवण्याची पद्धत आहे. वांग्यात तांबेयुक्त विकरे, म्हणजे एंझाइमे, असतात. पेशी फुटल्या की ही विकरे पेशींतील रंगहीन द्रव्यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग घडवून आणतात, आणि त्यातून काळसर द्रव्य तयार होते. १८९५ साली बुर्केलो आणि बेर्त्रां या फ्रेंच शास्त्रज्ञांना कापल्यावर काळ्या पडणाऱ्या एका अळिंबीत असेच विकर आढळले. ते टायरोसीन या साध्या ॲमिनो अम्लावर काम करीत असे, म्हणून त्याला टायरोसिनेज हे नाव मिळाले. आपल्या केसांत, त्वचेत आणि डोळ्यांत काळा रंग भरणारे विकर याच कुळातले आहे.

टायरोसिनेजच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू शेजारी शेजारी बसलेले असतात. हिस्टिडीन या ॲमिनो अम्लाचे तीन तीन घटक त्या प्रत्येकाला धरून ठेवतात. या दोन अणूंच्या मध्ये ऑक्सिजनचा रेणू पकडला जातो आणि तो टायरोसीनला जोडला जातो. त्यातून डोपाक्विनोन नावाचे अत्यंत उतावळे द्रव्य जन्मते. येथून पुढे वाट दुभंगते. जवळ गंधकयुक्त सिस्टीन उपलब्ध असेल तर पिवळे-तांबूस मेलॅनीन बनते. नसेल तर काही पायऱ्या ओलांडून काळे-तपकिरी मेलॅनीन बनते. वाघाचा पिवळा रंग पहिल्या वाटेचा, पट्ट्यांचा काळा रंग दुसऱ्या वाटेचा. वाटेतली मधली द्रव्ये पेशीला विषारी असल्यामुळे हे सारे काम पेशीतील बंद पिशव्यांत चालते. या पिशव्यांना मेलॅनोसोम म्हणतात. रंगाचा हा कारखाना पेशीने जणू आपल्या घरातच, परंतु वेगळ्या कोठीत कडीकुलूप लावून ठेवला आहे.

या कारखान्याची पहिली ओळख झाली ती उंदरांमुळे. रंगीबेरंगी उंदीर पाळण्याचा आणि त्यांच्या निरनिराळ्या जाती जोपासण्याचा छंद युरोपात आणि जपानात होता. १९०२ साली फ्रान्समध्ये क्यूएनो यांनी पांढऱ्या व रंगीत उंदरांचे संकर करून दाखवून दिले, की मेंडेलचे नियम वनस्पतींप्रमाणे प्राण्यांनाही लागू पडतात. १९०८ साली लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरड यांनी आपल्या व्याख्यानांत मांडले, की माणसातील वर्णहीनता ही जन्मजात रासायनिक उणीव असून, विशिष्ट विकराच्या अभावाने ती उद्भवत असावी. गॅरड यांचे म्हणणे त्या काळी फारसे कोणी मनावर घेतले नाही. जनुक आणि विकर यांचा संबंध सर्वमान्य होण्यास आणखी तीन-चार दशके जावी लागली.

जनुक प्रत्यक्ष हाती लागण्याची वेळ आली तेव्हा एक मजेदार घोटाळा झाला. १९८६ साली शिबाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या रंजकपेशींतून एक जनुक वेगळे केले आणि ते टायरोसिनेजचेच असल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी क्वॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसाच्या पेशींत दुसरेच एक जनुक मिळाले. तेही टायरोसिनेजचे, असा त्यांचा दावा होता. शिवाय उंदराच्या गुणसूत्रावर वर्णहीनतेची जी जागा पूर्वीपासून ठाऊक होती, तेथेच ते बसत होते. दोन जनुकांत साम्य तर उघड होते, पण ती एक नव्हती. १९८८ साली इयन जॅक्सन यांनी पहिल्या जनुकाची जागा शोधून काढली. वर्णहीन उंदरांशी तिचा संबंध नव्हता. ती जागा तपकिरी उंदरांची होती. म्हणजे जे सापडले होते ते टायरोसिनेज नसून त्याचे भावंड होते. १९९२ साली तिसरेही भावंड ओळखू आले. त्यात बिघाड झाला की उंदीर पाटीच्या दगडासारखा करडा दिसतो.

अशा रीतीने शतकभर छंदिष्टांनी जोपासलेल्या उंदरांच्या तीन जाती, पांढरी, तपकिरी व करडी, एकाच कुटुंबातील तीन जनुकांच्या बिघाडाच्या निघाल्या. माणसातही ही तिन्ही जनुके आहेत. ती अकराव्या, नवव्या आणि तेराव्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत. त्यांच्या प्रथिनांतील ॲमिनो अम्लांचा क्रम ढोबळमानाने चाळीस टक्के जुळतो. कामे मात्र वेगळी आहेत. टायरोसिनेज पहिली आणि सर्वांत अवघड पायरी पार पाडते. करड्या रंगाशी निगडित असलेले भावंड काळ्या मेलॅनीनच्या वाटेवरील एका मधल्या द्रव्याची रचना बदलते. तपकिरी रंगाशी निगडित असलेले भावंड त्याच्याही पुढच्या टप्प्यावर हातभार लावते, आणि बहुधा टायरोसिनेजला स्थैर्यही देते. विशेष असे की या दोन भावंडांच्या गाभ्यात तांबे नाही. तेथे जस्ताचे अणू आहेत. माणसातील तपकिरी भावंडाच्या स्फटिकाची रचना २०१७ साली उलगडली तेव्हा हे डोळ्यांनी पाहावयास मिळाले. सांगाडा तोच, धातू बदललेला, आणि धातूबरोबर कामही बदललेले.

एका जनुकाची तीन जनुके कशी झाली असतील? १९७० साली सुसुमु ओहनो यांनी आपल्या ग्रंथात या प्रकारच्या प्रश्नाला ठाम उत्तर दिले होते. त्यांचे म्हणणे असे, की निसर्ग नवे जनुक सहसा कोऱ्या कागदावर लिहीत नाही; जुन्याची नक्कल करतो. जनुक एकच असेल तर त्यात मोठा बदल झाल्यास प्राणी मरतो. त्याच्या दोन प्रती झाल्या तर एक प्रत मूळ काम करीत राहते आणि दुसरीला चुका करण्याची मोकळीक मिळते. बहुतेक वेळा अशा चुकांनी ती प्रत निकामी होते. क्वचित ती नवे काम शिकते.

आपल्या तीन भावंडांचा इतिहास शोधण्यासाठी पाठीचा कणा नसलेल्या, परंतु कणा असलेल्या प्राण्यांच्या जवळच्या आप्तांकडे जावे लागते. ॲम्फिऑक्सस हा वाळूत राहणारा लहानसा माशासारखा प्राणी, आणि ॲसिडियन हे समुद्रातील खडकांना चिकटून राहणारे पिशवीसारखे प्राणी, असे हे आप्त होत. दोघांतही टायरोसिनेज आहे आणि त्याच्या भावंडांच्या शाखेतील जनुकही आहे. अर्थात पहिली नक्कल पाठीचा कणा निर्माण होण्यापूर्वीच झाली असली पाहिजे. पुढे कणा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजात, सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी, समग्र जनुकसंचाचेच दुपटीकरण झाले. त्या उलथापालथीत भावंडाची दोन भावंडे झाली असावीत. माशांच्या एका फार मोठ्या गटात त्यानंतर आणखी एक दुपटीकरण झाले, आणि काही माशांकडे या कुटुंबातील जनुकांच्या जादा प्रती राहिल्या. माशांच्या रंगवैचित्र्यामागे या जादा प्रती असाव्यात, असे काही संशोधकांना वाटते. ते म्हणणे मला अद्याप अंदाजाच्या पातळीवरचे वाटते.

ॲसिडियनपाशी क्षणभर थांबणे योग्य होईल. प्रौढ अवस्थेत तो खडकावर बसून असतो, परंतु त्याची अळी बेडकाच्या पिल्लासारखी शेपटी हलवीत पोहते. तिच्या इवल्याशा मेंदूत नेमक्या दोन रंजकपेशी असतात. एकीतील काळा कण वर-खाली कळण्यासाठी वजनासारखा वापरला जातो, आणि दुसरीतील काळे द्रव्य प्रकाशग्राही पेशींना एका बाजूने आडोसा करते, त्यामुळे उजेड कोणत्या दिशेने येतो हे कळते. टायरोसिनेजचे जनुक याच पेशींत कार्यरत असते. येथे कातडीची शोभा नाही, पट्टे नाहीत, लपणे-छपणे नाही. यावरून असे दिसते, की आपल्या वंशात हे काळे रंजक मुळात दिसण्यासाठी नव्हते. ते पाहण्यासाठी होते. कातडी, केस आणि पिसे रंगविण्याचे काम त्याच्याकडे नंतर आले असावे. माणसाच्या डोळ्यातील पडद्यामागेही काळ्या पेशींचा एक थर असतो. तो त्या जुन्या कामाचा वारसा होय.

हेच तांबेयुक्त कुळ इतर प्राण्यांत भलत्याच दिशांनी वाढलेले आहे. गोगलगायी आणि माखले यांचे रक्त निळे असते. त्यातील ऑक्सिजन वाहून नेणारे प्रथिन टायरोसिनेजच्या नात्यातले आहे. माखलाची शाईदेखील टायरोसिनेजनेच काळी होते. मोत्यांच्या कालवांत टायरोसिनेजची जनुके पुष्कळ झाली असून शिंपले घडविण्यात त्यांचा भाग आहे. कीटकांत खरे टायरोसिनेज नाहीच. त्यांची जखम काळी करून बुजविणारी विकरे खेकड्यांच्या निळ्या रक्तातील प्रथिनाच्या नात्यातली आहेत.

आता बिघाडांकडे वळू, कारण जनुकाचे काम काय हे बहुधा ते बिघडल्यावरच कळते. सयामी मांजराचे अंग फिकट आणि कान, नाक, पाय व शेपटी काळपट असते. त्याच्या टायरोसिनेजमध्ये एकाच ॲमिनो अम्लाचा फरक आहे. त्यामुळे हे विकर शरीराच्या उष्णतेत नीट टिकत नाही, पण थंड भागात काम करते. पिल्ले जन्मतः पांढरी असतात, कारण आईचे पोट सर्वत्र उबदार असते. हिमालयी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाळीव सशांची गोष्ट अशीच आहे. त्यांच्या पाठीवरचे केस काढून ती जागा बर्फाने थंड ठेवली तर तेथे काळे केस उगवतात. काही पांढऱ्या कोंबड्यांत टायरोसिनेजच्या जनुकात एक विषाणूच येऊन बसलेला आढळतो. सॉलोमन बेटांवरील कृष्णवर्णीय लोकांपैकी काहींचे केस सोनेरी असतात, आणि तो युरोपीय रक्ताचा परिणाम असावा असा तर्क पूर्वी केला जाई. २०१२ साली असे आढळले, की तपकिरी भावंडातील एका ॲमिनो अम्लाच्या बदलामुळे ते घडते. युरोपात हा बदल आढळत नाही. तो तर्क निराधार होता.

मोहनच्या कोड्याचे उत्तरही आता देता येईल. सयामी मांजराप्रमाणे पांढऱ्या वाघाचेही डोळे निळे आणि पुष्कळदा तिरळे असतात. १९७३ साली एका पांढऱ्या वाघाच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू सयामी मांजरात चुकतात तसेच चुकलेले आढळले. तेव्हा हाही टायरोसिनेजचाच सौम्य बिघाड असावा, असे मानणे साहजिक होते. २०१३ साली पेकिंग विद्यापीठातील शू-जिन लुओ यांच्या गटाने ते चूक असल्याचे सिद्ध केले. पांढऱ्या वाघाचे टायरोसिनेज निर्दोष आहे. मेलॅनोसोमच्या आतील वातावरण राखण्यात सहभागी असणारे एक वाहक प्रथिन त्याच्यात बदललेले आहे. कारागीर धडधाकट आहे, पण कोठीतली परिस्थिती बिघडली आहे; आणि त्याचा फटका काळ्यापेक्षा पिवळ्या मेलॅनीनला अधिक बसतो. योगायोग असा की त्याच वर्षी आफ्रिकेतील पांढऱ्या सिंहाचेही जनुक कळले, आणि तेथे खरोखरच टायरोसिनेजमध्ये बदल होता. वरून सारखेच दिसणारे हे दोन प्राणी आतून दोन वेगळ्या कारणांनी पांढरे आहेत. पांढरा वाघ ही दुर्मिळ जात नव्हे, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. जवळच्या नात्यात संकर करून टिकवून धरलेला तो एक जुना बदल आहे, आणि तिरळेपणा ही त्याने मोजलेली किंमत आहे.

मेक्सिकोतील गुहांत राहणाऱ्या आंधळ्या माशांतही टायरोसिनेज बिघडलेले नाही. निरनिराळ्या गुहांतील माशांत एकच दुसरे जनुक, तेही मेलॅनोसोमच्या वाहक प्रथिनाचे, स्वतंत्रपणे मोडलेले आढळते. या माशांच्या पेशींना डोपा हे मधले द्रव्य बाहेरून पुरविले की त्या काळ्या होतात. हजारो पिढ्या अंधारात काढूनही विकर आपले काम विसरलेले नाही.

मेलॅनीन सोडून इतर रंगांची कथा येथे थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातही डोळा अनपेक्षितपणे पुढे येतो. पक्षी खाद्यातून पिवळी कॅरोटिनॉइडे मिळवितात. ती लाल करणारे विकर झेब्रा फिंच आणि लाल कॅनरी या पक्ष्यांत २०१६ साली ओळखले गेले. ते ज्या मोठ्या कुळातले आहे त्या कुळातील कित्येक विकरे यकृतात विषारी द्रव्ये निकामी करण्याचे काम करतात. हेच जनुक कासवांतही आहे, आणि पक्ष्यांच्या व कासवांच्या डोळ्यांत रंग ओळखण्यास मदत करणारे लाल तेलाचे थेंब त्याच्यामुळे तयार होतात. पिसे आणि चोची लाल होण्याआधी ते डोळ्यांत काम करीत होते. अंधारात वावरणारी घुबडे आणि किवी, तसेच पेंग्विन, यांच्यात ते निकामी झालेले आहे.

नक्कल करून शिकण्याच्या या नियमाला एक ठळक अपवाद मात्र आहे. वाटाण्यावर पडणारा मावा लाल आणि हिरवा असा दोन रंगांचा असतो. प्राणी कॅरोटिनॉइडे स्वतः बनवीत नाहीत असे समजले जात होते. परंतु २०१० साली नॅन्सी मोरान व टायलर जार्विक यांनी दाखवून दिले, की मावा ती बनवितो, आणि त्यासाठी लागणारी जनुके त्याच्या पूर्वजांनी बुरशीकडून उचलली आहेत. हिरव्या माव्यात त्यांपैकी एक जनुक गळून गेलेले असते. वंशवृक्षाच्या एका फांदीवर अगदी परक्या झाडाचे कलम व्हावे, तसा हा प्रकार आहे.

शेवटी माणसाविषयी. वर्णहीनतेसह जन्मलेली व्यक्ती साधारणतः सतरा ते वीस हजारांत एक आढळते. कारणे एकाहून अधिक आहेत. वर सांगितलेल्या तिन्ही भावंडांच्या बिघाडांनी ती होते, आणि तिसऱ्याचा पुरावा तर २०२१ साली मिळाला. आई-वडील दोघेही एकेक बिघडलेली प्रत बाळगून असतात आणि स्वतः पूर्णपणे नेहमीच्या रंगाचे असतात. तेव्हा आईच्या आहाराला किंवा ग्रहणाला दोष देण्यात काहीच अर्थ नाही. कोड, म्हणजे रंजकपेशी नंतर नष्ट होणे, ही गोष्ट वेगळी. आणि यांपैकी काहीही संसर्गाने पसरत नाही. लोकांचे लक्ष गोऱ्या कातडीवर आणि पांढऱ्या केसांवर खिळते, परंतु खरी अडचण डोळ्यांची असते. डोळ्याच्या पडद्यामागील थरात रंजक नसेल, तर गर्भावस्थेत पडद्याचा सर्वांत तीक्ष्ण दृष्टीचा भाग पुरता घडत नाही, आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतू चुकीच्या बाजूला जातात. ॲसिडियनच्या अळीपासून चालत आलेले जुने काम येथे अडून पडते.

१९९० साली वर्णहीन उंदरांच्या भ्रूणात टायरोसिनेजचे चालू जनुक घालण्यात आले, आणि ते उंदीर रंगीत जन्मले. १९९४ साली असेही आढळले, की अशा उंदरांच्या डोळ्यांचे मज्जातंतू योग्य बाजूला गेलेले असतात. माणसाच्या बाबतीत ही दुरुस्ती जन्मानंतर करता येत नाही, कारण ते तंतू जन्मापूर्वीच आपापल्या वाटेने गेलेले असतात. म्हणून अशा मुलाला लहानपणीच नेत्रतज्ज्ञाला दाखवावे लागते. त्याला चष्मा, उन्हासाठी टोपी आणि अंगभर कपडे लागतात, ठळक छापील अक्षरांची पुस्तके लागतात, आणि वर्गात फळ्याजवळच्या बाकावर जागा लागते.